पाठमोरी मुलं

डोंबिवली (पश्चिम)
२ डिसेंबर १९९६

प्रिय मोरू,

हे अक्षर तू ओळखणार नाहीस. मला लिहिताना तू कधी बघितलेलं नाहीस, फक्त गल्ल्यावर बसून कॉइन देताना बघितलंस. मी नीला. सीताराम गेमवाल्याची नीला.

आमचं गेम पार्लर अजून आहे, पण तू बघितलंस तसं उरलेलं नाही. अर्ध्या गाळ्यात एसटीडी बूथ टाकलाय. पोरांच्या घरी टीव्हीला लावायचे गेम आले, त्यामुळे दोनच मशीन उरलीत. बाबांनी मोहन्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून ही मशीन घेतली तेव्हा लोक त्यांना वेडे म्हणालेले, आठवतं का? मग शाळा सुटली की आत शिरायला जागा नसायची. घामाचा वास, बटणांची खडखड, आणि सगळ्यांच्या तोंडावर तो निळा उजेड. मी कॉलेजातून येऊन गल्ल्यावर बसायचे, तेव्हा तू कोपऱ्यातल्या विमानाच्या मशीनपुढे असायचास. तुझी फक्त पाठ दिसायची. मान जरा तिरकी केली की काचेत चेहरा पण दिसायचा. मी मान तिरकी करायचे, हे तुला माहीत होतं की नाही कोण जाणे.

तू गेलास तो दिवस मी पुन्हा पुन्हा आठवलाय. शाळेतून तुमच्या घरी निरोप गेलेला, मोरू दिवाळीनंतर वर्गात दिसलाच नाही म्हणून. तुझे वडील, आमचे दामाजीकाका, होडीवरून तसेच आले. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्यांनी मागून तुझी कॉलर धरली आणि सगळ्यांसमोर मारलं. माझे बाबा मध्ये पडले तर त्यांनाही ढकललं. तू हात वर केला नाहीस, रडलाही नाहीस. जाताना ते म्हणाले, "खारीन बुरवीन तुला, पन हितं उबा रवू देनार नाय." खाडीत बुडवायची ती धमकी सगळ्या पोरांनी ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर तुझ्या चपला सापडल्या.

कोळीवाड्यातल्या सगळ्या होड्या बाहेर पडल्या. जाळी टाकून खाडी ढवळून काढली. मुंब्र्यापर्यंत जाऊन आले. काही मिळालं नाही. हळूहळू लोकांनी ठरवून टाकलं की ओहोटीने तुला बाहेर नेलं. तुझ्या आईने मात्र ते कधीच मानलं नाही. ती म्हणायची, माझा पोर पाण्यातला, त्याला पाणी कसं बुडवेल? चपला काय, चिखलात उतरताना सगळेच काढतात.

मग ती आमच्याकडे यायला लागली. विष्णूनगरच्या बाजारातून मासळी विकून परतताना, रिकामी पाटी काखेत धरून ती दारात उभी राहायची. आत खेळणाऱ्या पोरांच्या पाठी बघायची. मागून सगळी पोरं सारखीच दिसतात रे. एखादा शर्ट तसा असला, एखाद्याची मान तशी असली, की ती आत यायची, हळूच बाजूला जाऊन तोंड बघायची आणि माघारी फिरायची. पोरं पहिल्यांदा हसायची. नंतर हसणं बंद झालं. काही पोरं तर ती दिसली की आपणच मागे वळून चेहरा दाखवायची, म्हणजे तिला आत यायला नको. मला विचारायची, "माजा मोरू आयला का गो?" आणि मी नाही म्हणायचे. आजही ती येते. ती पोरं मोठी झाली, कामाला लागली, काहींची लग्नं झाली. ती अजून सोळा वर्षांच्या पोरांच्या पाठी बघते. तू आता चोवीस वर्षांचा असशील हे तिला सांगायचं धाडस मला झालेलं नाही.

आता तुला जे सांगते ते तिलाही ठाऊक नाही. तू गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात, भरदुपारी, पोरं शाळेत असताना, दामाजीकाका आत आले. मला वाटलं आता मशीन फोडतात. बाबा उठून उभे राहिले. काकांनी माझ्यापुढे पैसे ठेवले आणि तुझ्या मशीनकडे बोट करून म्हणाले, "या खेलान काय हाय गो? मना दाखव."

मी दाखवलं. दांडा कसा धरायचा, गोळी कुठल्या बटणाने सुटते. वल्हं मारून घट्टे पडलेले ते हात, त्यांच्या मुठीत तो दांडा दिसेनासाच व्हायचा. विमान उडालं की लगेच आदळायचं. ते पुन्हा कॉइन मागायचे. एकदा मला म्हणाले, याच्यात आहे तरी काय ते मला अजून कळत नाही, मला नीट शिकव. मी शिकवायचे. ते यायचेच, कधी आठवड्याने, कधी महिन्याने. कधी खेळायचे पण नाहीत, नुसते पुढे उभे राहायचे. कुणी खेळत नसलं की ते मशीन आपलं आपणच विमान उडवतं ना, तसं ते बघत बसायचे. मला त्या दुपारी भीती वाटायची. वाटायचं, दांड्यावर तुझाच हात आहे आणि तो फक्त काकांना दिसतोय.

मासेमारी त्यांनी सोडली. होडी मात्र काढतात. भरती उतरायला लागली की एकटेच जातात, जाळं न घेता, आणि काठाकाठाने खारफुटीत बघत येतात. लोकांना वाटतं त्यांचं डोकं फिरलंय. मला तसं वाटत नाही. तुझी आई तुला पार्लरमध्ये शोधते, ते तुला खाडीत शोधतात, आणि घरी दोघं एका ताटलीसमोर बसून यातलं अक्षर काढत नाहीत.

माझं विचारशील तर मी शिवणाचा डिप्लोमा केला, दुपारी बूथ सांभाळते. कल्याणचं एक स्थळ आलं होतं, चांगलं होतं. मी नको म्हटलं. घरी कारण वेगळं सांगितलं.

दिवाळीनंतर वर्तकनगरचा जगन आला होता. मशीन दुरुस्त करायला यायचा तोच. तो आता वापीपर्यंत कामं घेतो. तिथल्या एका पार्लरमध्ये त्याला एक माणूस दिसला. कारागीर होता, नुकतंच दुरुस्त केलेलं विमानाचं मशीन लावून चालतंय का बघत होता. पाठमोरा, एका पायावर भार टाकून, दुसऱ्या पायाचा तळवा पोटरीला लावलेला, तू उभा राहायचास अगदी तसा. जगनने मागून हाक मारली, मोरू. माणूस वळला नाही. पण बटणावरचा हात थांबला आणि समोरचं विमान सरळ जाऊन आदळलं. मग तो हातातलं सामान ठेवून मागच्या दाराने निघून गेला. पार्लरवाला म्हणाला, याचं नाव दौलत, जळगावकडचा आहे, कुणाशी जास्त बोलत नाही. जगनने पत्ता आणून मला दिला.

मी तो पत्ता घेऊन बंदरावर गेले. काका होडीला डांबर लावत होते. मी सांगितलं. त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावलं, मग आणखी एकदा. मग तिथेच चिखलात बसले. उठले तेव्हा म्हणाले, "त्याच्या आईला आत्ताच सांगू नको. खोटं निगालं तर तिला नाय सोसनार." मी विचारलं, मग तुम्ही जाता का? ते म्हणाले, मी गेलो तर तो तिथूनही पळेल. तू लिही. घरी ये असं लिहू नको. बाप माफी मागतो असंही लिहू नको, ते मी तोंडाने सांगेन, संधी मिळाली तर. फक्त विचार, तो आहे का.

म्हणून हे पत्र. पाकिटावर दौलत असं लिहिलंय. दौलतभाऊ, तुम्ही खरंच जळगावचे दौलत असाल तर मला माफ करा आणि हे फाडून टाका. पण मोरू, हा तूच असशील, तर सोबत माझा पत्ता लिहिलेलं एक पोस्टकार्ड आहे. त्यावर काही लिहू नकोस. कोरंच पेटीत टाक. ते आलं की मी धावत बंदरावर जाईन आणि काकांना सांगेन की उद्यापासून ओहोटीला निघू नका.

तुझीच,
नीला