देवाची मूठ

इंदूर, डिसेंबर १९५३

अच्युतदादा,

काल आईला माती दिली. तू महूहून आला नाहीस, पण तू आपल्या ख्रिस्ती देवळाला दिलेली घंटा वाजली आणि पाद्रीसाहेबांनी तुला ‘विश्वासू कारभारी’ म्हटलं. आईला सांभाळशील म्हणूनच बाबांनी दुकान तुझ्या हाती दिलं होतं. तू तिला आटा पाठवायचास, तोही मोजून. मळायच्या आधी ती त्यातून देवाची मूठ काढायची आणि शेजारच्या विधवा जनाबाईला द्यायची. मी सासरहून आले, तेव्हा आई अर्ध्या पोळीवर आली होती.

आज जनाबाई रडत म्हणाली, “अच्युत भियाला देव भरभरून देवो. म्हातारी दर वेळी सांगायची, हे माझ्या अच्युतनंच तुला पाठवलंय.”

मी आईला खोटं पाडलं नाही. म्हणून हे पत्रही टपालात टाकणार नाही.

आईची,
शशिकला