भिंतीपलीकडे पोचलं नाही

३ मार्च

काहीच झालं नाही. अख्खा अल्बम दोनदा ऐकला. पाऊल हललं नाही, अंगावर काटा आला नाही. भूक तेवढी लागली.

वाजवतात चांगलं, तीच तर पंचाईत आहे. वाईट वाजवत असती तर मी सुटले असते. चार पोरांचा बँड – तीन मुलगे आणि ड्रमवर एक मुलगी, सगळी पंचविशीच्या आतली. ब्लूज-रॉक असं घोटून आणलंय की बोट ठेवायला जागा नाही. गिटार रडायला हवी तिथे रडते, गाणाऱ्याचा आवाज फाटायला हवा तिथे फाटतो. आणि शब्द काय, तर दारू, तुरुंग, सोडून गेलेली बाई. एवढ्याशा वयात! धुऊन, इस्त्री करून घातलेलं दुःख.

सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय. आमच्या पेपरच्या हिशेबखात्यातल्या बाईंच्या फोनची रिंगसुद्धा तीच.

४ मार्च

संपादकांनी बोलावलं. माझ्याहून बरेच लहान आहेत, मला ताई म्हणतात, खुर्ची ओढून देतात. म्हणाले, "येत्या शुक्रवारी नको, त्या बँडचा कार्यक्रम होऊ दे. पुढच्या शुक्रवारी तुमचं अख्खं पान त्यांनाच देऊ. जरा मोकळ्या हाताने लिहा." मोकळ्या हाताने म्हणजे कौतुक. म्हटलं, मला नाही भिडलं. हसले. टेबलावरची पेनं सारखी करत म्हणाले, "तुम्हाला हल्ली काहीच भिडत नाही हो. नवीन मुलगी आलीय आपल्याकडे. तिला देऊ का पान?"

एका शुक्रवारपुरतं की कायमचं, ते मी विचारलं नाही. केस काळे होते तेव्हापासून ते संगीताचं पान माझं आहे. म्हटलं, लिहिते.

५ मार्च

आज भिंतीची परीक्षा झाली.

लग्नानंतर भाड्याची दीड खोली होती, तेव्हापासूनची ही आमची पद्धत. मी आत दार लावून रेकॉर्ड लावायची आणि नवरा स्वयंपाकघरात काहीतरी चिरत ऐकायचा. तो तेव्हा आमच्याच पेपरच्या छापखान्यात मशीनवर होता. संगीतातलं ओ की ठो कळत नाही असं स्वतःच सांगायचा. पण भिंतीतून कलाकुसर येत नाही. ठेका येतो, खालचे सूर येतात. तेवढ्यावर त्याची सुरी थांबली तर गाण्यात जीव आहे. मी बाहेर आले की एकच शब्द – "पोचलं." नाहीतर, "नाही पोचलं." त्याने सांगितल्याशिवाय मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही.

पूर्वी यावरून जाम भांडायचो. मी नाक मुरडलेलं नेमकं त्याला पोचायचं. अलीकडे तसं होत नाही. म्हातारपणी नवराबायकोचे कानही सारखे होत असावेत.

आज बाहेर आले तेव्हा तो बटाटे सोलत होता. माझ्याकडे बघितलं, जरा वेळ घेतला. "नाही पोचलं."

हुश्श केलं. म्हणजे मी एकटी नाही.

७ मार्च

न्याय म्हणून त्यांना प्रत्यक्ष ऐकून आले. नवऱ्याला चल म्हटलं तर म्हणाला, गर्दीत उभं राहून गुडघा धरतो.

सभागृह खच्चून भरलेलं. शेजारी माझ्याच वयाची एक बाई पहिल्या गाण्यापासून रडत होती. मी टाळ्या वाजवत होते, लग्नात वाजवतात तशा. गिटारवाला वाजवता वाजवता गुडघ्यांवर बसला आणि लोक वेडे झाले. बसण्याआधी त्याने दिव्याचा झोत कुठे आहे ते बघून घेतलं, ते मी पाहिलं. एकदा ड्रमवालीच्या हातातली काठी सुटली. तिने दुसरी उचलली आणि स्वतःशीच हसली. तेवढं मला आवडलं.

परत येताना भीती वाटली. खरीखुरी. पोरं कोरडी नसतील आणि मीच आटले असेन तर? घरी आल्या आल्या नवऱ्याला बोलूनही दाखवलं. तो पाठमोरा बसून कपड्यांच्या घड्या घालत होता. काही बोलला नाही. बरं झालं, उगाच धीर देत बसला नाही.

१० मार्च

लेख दिला. गोड लिहिलं नाही, कडूही नाही. शेवट असा केलाय – 'हे माझं एकटीचं मत नाही. आमच्या घरी भिंतीपलीकडे आणखी दोन कान आहेत. त्यांना संगीतातलं काही कळत नाही आणि ते कधी चुकलेले नाहीत. भिंतीतून फक्त ठेका जातो. यांचा तोही पोचला नाही.'

संपादकांनी दोनदा वाचलं. "शेवट जबरदस्त आहे ताई. होऊ दे बोंबाबोंब. छापू."

१३ मार्च

छापून आलं. हिशेबखात्यातल्या बाई बोलत नाहीयेत.

१५ मार्च

सकाळी फोन. "काकू, मी त्या बँडमधली ड्रमर." म्हटलं, बोल बाई, शिव्या दे. तर म्हणाली, "नाही हो, तुम्हाला नाही आवडलं तर नाही आवडलं. पण ते दुसरे कान... त्यांना खरंच काही पोचलं नाही?"

म्हटलं, का गं? मग तिनेच सांगितलं. बाकीच्या तिघांनी तालमीच्या खोलीत लेख मोठ्याने वाचला. भिंतीतून फक्त ठेका जातो आणि तोच पोचला नाही, म्हणजे कच्चं कोण? ही. आधीच तिघांचं आपसात काहीतरी शिजत होतं, त्यात हे कोलीत मिळालं. आता दुसरा ड्रमर बघतायत. "तुम्ही बरोबर लिहिलं असेल तर मी शिकेन काकू. फक्त खरं सांगा."

जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला.

"अगं, मला ऐकूच येत नाही."

काय ऐकू येत नाही?

"भिंतीपलीकडचं. बरेच दिवस झाले. तू समोर बसून बोललीस की तोंडाकडे बघून कळतं. दार लावलंस की काही नाही."

मग सांगायचास कसा?

"तू बाहेर येतेस तेव्हा तुझ्या तोंडावर असतंच की. तेच सांगायचो." मग म्हणाला, "तू मला त्या परीक्षेतून काढून टाकशील असं वाटलं. आणि त्या पोरांच्या कार्यक्रमाला आलो असतो तर तिथेच उघडा पडलो असतो."

१६ मार्च

दिवसभर त्याच्याशी नीट बोलले नाही. राग लेखाचा नाही. आयुष्यभर छापखान्याच्या घरघरीत उभा राहिलेला माणूस, त्याचे कान जाणार हे मला कळायला नको होतं? रोज बटाटे सोलत बंद दाराकडे बघत बसायचा, आणि मी आत खुशाल गाणी ऐकत होते. त्याचा राग यावा तर माझाच येतो.

आमचे कान सारखे झाले नव्हते. माझंच मत मी त्याच्या तोंडून ऐकत होते आणि खूश होत होते. त्या जोरावर एका पोरीला झोडपलं.

१८ मार्च

संपादकांना म्हटलं, खुलासा छापा. चारच ओळी – 'दुसऱ्या कानांचं मत मागे घेते. ते त्यांचं नव्हतंच. ठेक्याबद्दल लिहिलेलं रद्द समजावं. गाणी मला भिडली नाहीत, ते मात्र माझं एकटीचं आणि कायम.'

"असलं कोणी छापत नाही ताई. आपलंच हसं होईल."

होऊ दे म्हटलं. पेनं पुन्हा सारखी झाली. मग अगदी हळू आवाजात, "असं करू, पुढच्या महिन्यापासून पान नवीन मुलीकडे देऊ. तुम्ही अधूनमधून लिहा."

बरं म्हटलं. वाटलं होतं त्याहून कमी लागलं. किंवा लागायचं असेल अजून.

२० मार्च

खुलासा आला, आतल्या पानावर, हवामानाच्या खाली. पोरीला फोनवर वाचून दाखवला. "थँक्यू काकू," म्हणाली. आवाजात काही नव्हतं.

२६ मार्च

बँडचा नवा फोटो आलाय. चारही मुलगे.

२ एप्रिल

नवऱ्याला काल कानाचं मशीन मिळालं. नळाचा आवाज ऐकून वैतागला, स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून हसला. आज म्हणाला, "त्या पोरांचं लाव. आता माझं खरं मत देतो." मी आत जाऊन लावलं. बाहेर आले तर ओट्याला टेकून उभा, सुरी तशीच हातात. "गाणी राहू दे गं. पण ती पोरगी! तू ऐकलंस का हिला? इथे थांब जरा." आणि मला तिथे उभी करून स्वतः आत गेला, दार लावलं, पहिल्यापासून लावलं.

इतक्या वर्षांत मी भिंतीच्या या बाजूला कधी उभीच राहिले नव्हते.

गाणारा नाही, गिटार नाही, दारू-तुरुंग काही नाही. भिंतीतून नुसती ती येत होती. कसलीही घाई नाही, जरा मागे रेलून, एखादं माणूस जिना चढून आपल्याकडेच येत असावं तशी. माझं पाऊल हलायला लागलं. गॅसवरचं दूध उतू गेलं, मी समोर उभी होते.

या पोरीला मी घालवलं.