हात केला तर थांबायचं

२ ऑक्टोबर, डॉसन क्रीक
निघालो एकदाचा! ड्वेनकाकांचं चाकांवरचं घर पिकअपला जोडलंय, ते व्हाइटहॉर्सच्या गिऱ्हाइकाला पोचवायचं. कॉलेज अर्धवट सोडणाऱ्याला हमालीच मिळणार, असं काकूनं ऐकवलंच. तिला काय ठाऊक, व्हाइटहॉर्सला ब्रिन आहे. माझी ब्रिन, कोल्बीनं पळवलेली. काकांनी जोडणीच्या साखळ्या ओढून पाहिल्या. म्हणाले, चालत्या घरात कुणाला बसवायचं नाही. आणि वाटेत कुणी हात केला तर थांबायचं, मग तो वैरी का असेना. या रस्त्यावर दुसरा कायदा नाही, ओवेन, गाढवा.

३ ऑक्टोबर, फोर्ट नेल्सन
मागचं वजन अंगवळणी पडलं. मोठा ट्रक शेजारून गेला की घर शेपटीसारखं हलतं, तेवढंच. हॉटेलवाल्या बाईनं विचारलं, एवढं घर ओढतोस आणि आत बायको नाही होय रे? म्हटलं, आणायलाच चाललोय. सगळे खिदळले. ब्रिनशी काय बोलायचं ते दिवसभर घोकतोय. कोल्बीशी बोलायचं नाही. त्याच्यासाठी मूठ.

४ ऑक्टोबर, मंचो लेक
आज दान माझ्या बाजूनं पडलं! घाटमाथ्यावर बर्फ भुरभुरत होता. वळणावर लाल पिकअप चरात कलंडलेली, शेजारी एक पाय ओढत खुद्द कोल्बी, दोन्ही हात हलवत. गावाहून तिच्याकडे परत निघाला असणार. मला ओळखून त्याचा चेहरा उजळला. मी हॉर्न वाजवला, हसत टाटा केला आणि पुढे आलो. थांबेल की दुसरं कुणी! आरशात बराच वेळ हात हलताना दिसत होता.

५ ऑक्टोबर, वॉटसन लेक
दुसरं कुणी आलंच नाही. माझ्यामागे लगेच घाट बंद केला. सकाळी बर्फ काढणाऱ्यांना तो सापडला. हात वरच गोठलेला, म्हणे. हॉटेलात एक म्हातारा ट्रकवाला गरजत होता, शेवटचा जो कुणी तिथून गेला त्याला हुकाला बांधून फरफटवीन. मी सुपात तोंड घातलं. जाताना त्यानंच माझ्या पाठीवर थाप मारली. पोरा, मागच्या दोस्ताला नको का सूप? खिडकीतून केव्हाचा हात करतोय बिचारा.

६ ऑक्टोबर, टेस्लिन
कुलूप काढून पाहिलं. आत कुणी नाही. गादी ओली, बर्फासारखी.
चढावर इंजिन धापा टाकतं. घर रिकामं असून जड. समोरून येणारे हात करतात — मला नाही, माझ्या मागे.
ब्रिनला फोन लावला. तिला काहीच कळलेलं नाही. उलट आनंदात. कोल्बीनं आज सकाळीच फोन केला, म्हणाली, ओवेनबरोबर येतोय म्हणून. भांडण विसरलात, बरं झालं —
आज सकाळी.

७ ऑक्टोबर
गाडी बंद. बर्फ. घर सोडून द्यावं म्हटलं, तर साखळी सुटेना — बोटांनी धरल्यासारखी —
एक गाडी आली. हात केला. वेग कमी झाला. बाईनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, हसली, मान डोलावली, गेली. दुसरीही तशीच.
वळून पाहिलं. घराच्या दारात कोल्बी. त्यांना खुणावतोय — सगळं ठीक आहे, जा, जा —
पिकअपमध्ये बसून लिहितोय. बोटं वळत नाहीत. लांब दिवे दिसताहेत. या खेपेला रस्त्याच्या मधोमध उभा राहीन, मग तर —
मागची पायरी वाजली. एक पाय ओढत — या बाजूनं — काचेवर हात. हसतोय.
टाटा करतोय