जिथे नाही तिथेही ‘आहे’ म्हणणारी अँटिबॉडी

फोन स्पीकरवर आहे का, एवढं आधी विचारत जा. परवा तू माझ्या मुलाला म्हणालास, अडाणी बाईने शास्त्रात तोंड घालू नये. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. भाजी निवडून झाली, राग शिल्लक आहे.

असो. धाकट्या, तुला आशीर्वाद. गुडघा कसा आहे? मलम लाव, कुरकुर कमी कर.

आता नातीचं ऐक. मुलाने तुला अर्धंच सांगितलं असणार (पूर्ण सांगायची सवय त्याला लहानपणापासून नाही). आपल्या एकेका पेशीत म्हणे चार हात लांब धागा कोंबलेला असतो आणि एक प्रथिन त्याच्या नीट घड्या घालून ठेवतं. ते प्रथिन कुठे बसलंय हे शोधायला पोरगी सशाच्या रक्तातून काढलेली अँटिबॉडी वापरते. बोटाच्या पेराएवढी नळी, आत थेंबभर पाणी, पण येते बर्फाच्या पेटीतून, जावयाच्या थाटात. जिथे प्रथिन तिथे ती चिकटते आणि हिरवं चमकतं. दोन वर्षं पोरीने ते हिरवे ठिपके टिपले. त्यावर लेख तयार, लेखावर पदवी. प्रयोगशाळेतल्या तिच्या साहेबांपुढे बोलायचं म्हणून तिने आधी माझ्यापुढे सराव केला. मी एवढंच विचारलं, जिथे ते प्रथिन नाहीच, तिथे ही बया काय म्हणते?

दुसऱ्या दिवशी पोरीने ते प्रथिन काढून टाकलेल्या पेशी शेजारच्या प्रयोगशाळेतून आणल्या, तर तिथेही सगळं हिरवंगार. (ही तपासणी पहिल्याच दिवशी करायची असते म्हणे. कुणी केली नाही, कारण विकणाऱ्याच्या कागदावरचं चित्र फार सुरेख होतं.) साहेब म्हणतात, लेख आहे तसाच जाऊ दे, सोमवारी सही कर. मुलगा-सून म्हणतात, आई, आता तूच तिला समजाव. नाही समजावणार. तू माझ्या घरी बसलेला असताना तुझा शेजारी ‘ते घरातच आहेत’ असं छातीठोक सांगायला लागला, तर त्याने दोन वर्षं दिलेली तुझी खबर मी खरी धरू? चौथी शिकलेल्या बाईला हे कळतं. तुम्ही किती शिकलात ते तुमचं तुम्ही बघा.

तुझी ताई

ता. क. हे तुझ्या बायकोला वाचून दाखवू नकोस. सरावात माझा डोळा लागला होता. ‘आजी, कळलं का?’ असं कानावर आलं, तेव्हा जागी आहे हे दाखवायला तोंडाला आलं ते विचारलं. म्हणून काही प्रश्न चुकीचा ठरत नाही.

आणखी ता. क. पोरीने अजून सही केलेली नाही. पण आठ दिवस माझ्याशी बोलत नाही, ताट उचलून खोलीत नेते. तुझं ती ऐकते. रविवारी ये आणि विचार, राग साहेबांवर आहे की माझ्यावर. माझ्यावर असला तरी चालेल, सही मात्र नको. उत्तर तिनेच द्यायचं, माझ्या तोंडावर. तिच्या बापाला मध्ये बोलू देऊ नकोस.