तुमच्या भावाने तेवीस मडक्यांना हात लावला

तीर्थस्वरूप वन्संना कोपरापासून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तुम्ही डावा दुखतो म्हणून लिहिलं होतंत आणि त्याच्या आधीच्या पत्रात उजवा. दोघांचं काय ते एकदा ठरवून कळवा, म्हणजे मला नेमकी चौकशी करता येईल. आम्ही इकडे खुशाल आहोत. (म्हणजे मी खुशाल आहे. तुमच्या बंधुराजांचं सविस्तर खाली लिहिते. पण आधी नीट टेकून बसा आणि पत्र मधूनच शेजारणीला वाचून दाखवायला उठू नका.)

ह्यांना डॉक्टरांनी रोज निवांत चालायला सांगितलंय हे तुम्हाला ठाऊकच आहे. घराभोवती चालायचं तर चार पावलांवर कोणीतरी ओळखीचं भेटतं आणि मग चालणं राहतं बाजूला, तोंडच चालतं. म्हणून मीच म्हटलं, नदीपलीकडे ते मडक्यांचं गाव आहे, तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, तिथे जाऊन चालू. (होय, कल्पना माझीच. पुढे कधी भांडण झालं तर तुम्हाला सोयीचं पडावं म्हणून आत्ताच कबूल करते.) तिथली बोट फक्त गुरुवारी. ती सकाळी येते, तासभर थांबते आणि परत फिरते. एक तास चालायचं, चहा प्यायचा आणि त्याच बोटीने घरी यायचं, असा साधा बेत होता. आज बुधवार आहे, पुढचा बुधवार. यावरून काय ते ओळखा.

गाव दिसायला छान आहे, खोटं कशाला बोलू. दगडी, अरुंद गल्ल्या, प्रत्येक दारासमोर एक लांब फळी आणि फळीवर ओळीने मांडलेली कच्ची, ओली मडकी. आत कुठेतरी चाक फिरत असल्याची घरघर, पण बोलण्याचा आवाज कुठेच नाही. एवढी घरं, एवढी माणसं, आणि कोणी कोणाला हाक मारत नाही, कोणी कोणावर डाफरत नाही. मला आधी वाटलं, किती सुसंस्कृत लोक आहेत. आमची चाहूल लागली की माणसं दारात येत आणि आधी आमच्या हातांकडे बघत, मग तोंडाकडे. मी म्हटलं, माझी नवी अंगठी बघतायत, म्हणून मी हात जरा पुढे धरून चालू लागले. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, कुठलीही गल्ली शेवटी खाली पाण्याशीच येते. तीनदा तसं झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, आता पुरे, बोटीशी जाऊन बसू. एवढं मी वेळेवर म्हटलं होतं, याची नोंद असू द्या.

पण वन्सं, तुमचा भाऊ. अडतीस वर्षं कापडाच्या दुकानात काढलेला माणूस. अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळल्याशिवाय त्याला जगातली कुठली गोष्ट खरी वाटत नाही. लग्न ठरवायला आले तेव्हा आमच्या दिवाणखान्यातला पडदा चोळून पाहिला होता त्यांनी, माझ्याकडे नंतर बघितलं. ओला रंग दिसला की लावला हात. तर बोटीकडे जाताना शेवटच्या घरासमोरच्या पहिल्याच मडक्याला ह्यांनी हात लावला. मऊ मातीत अंगठा पार रुतला आणि गळ्याखाली चांगला खोल ठसा उमटला. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? एक तर माफी मागितली असती, नाहीतर पळ काढला असता. ह्यांनी डोकं लढवलं. म्हणाले, एकाच मडक्यावर ठसा दिसला तर ते बिघडलेलं दिसेल, सगळ्यांवर दिसला तर नक्षी दिसेल. आणि मी तोंड उघडेपर्यंत फळीवरच्या तेवीसच्या तेवीस मडक्यांवर, सारख्या उंचीवर, त्यांनी अंगठा दाबला. वर मागे सरून, मान तिरकी करून बघितलंही. मग अंगठा माझ्या रुमालाला पुसला.

तेवढ्यात घरातून कुंभारीणबाई आल्या. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं. त्यांनी शांतपणे सगळे ठसे मोजले, आत गेल्या आणि बसायला एक चौरंग घेऊन आल्या. इथली रीत त्यांनी समजावून सांगितली. कच्च्या मडक्यावर ज्याचा ठसा, त्याने ते वाळून भट्टीतून निघेपर्यंत इथेच थांबायचं, मग खुशाल जायचं. ह्यांना वाटलं, मानाने थांबवून घेतायत. ऊन तर कडक आहे, तासाभरात वाळतील, असं म्हणून हे चौरंगावर बसले आणि आमच्या डोळ्यांदेखत बोट गेली.

ती मडकी वाळत नाहीत, वन्सं. त्याच फळीच्या टोकाला मी रुमाल धुऊन टाकला तर तो चहा होईपर्यंत खडखडीत वाळतो. मडकी आठवडाभर तशीच ओली. कुंभारीणबाई म्हणतात, काहींना वेळ लागतो. समोरच्या घरात एक गृहस्थ चाकावर बसलेले दिसले, कोट, टाय, पायात शहरी बूट, गुडघ्यापर्यंत माती. मी विचारलं, तुम्ही कधी आलात? म्हणाले, आत्ताच, रस्ता विचारायला थांबलो होतो. पण त्यांच्या कोटाची कॉलर तुमच्या वडिलांच्या लग्नाच्या फोटोतल्यासारखी आहे, रुंद आणि टोकदार. एवढंच बोलून ते पुन्हा चाकाकडे वळले. मी त्यांच्या फळीवरच्या मडक्याकडे लांबूनच बघितलं. ओलं होतं.

पहिल्या दिवशी हे वेळ जावा म्हणून चाकावर बसले. दुसऱ्या दिवशी सांगितल्याशिवाय बसले. आणि तिसऱ्या दिवसापासून बोलायचे थांबले. तुम्हाला हे खरं वाटणार नाही, मला तरी कुठे वाटलं. दात घासतानासुद्धा बोलणारा माणूस. मी आधी म्हटलं, रुसलेत. मग म्हटलं, घसा बसला. (आणि खरं सांगते, पहिला अर्धा दिवस मी ती शांतता मन लावून उपभोगली. त्याबद्दल मला फार वाईट वाटतं.) मग परवा दुपारी फळीशेजारून जाताना मला ह्यांचा आवाज ऐकू आला. हे आत चाकावर, ओठ मिटलेले, समोर मला दिसतायत. मी वाकून पहिल्या मडक्याला कान लावला. आतून हे म्हणत होते, अगं, ऐकलंस का, माझा चष्मा कुठे गेला? दुसऱ्यात त्यांचं शिंकल्यावरचं ते लांबलचक हुश्श. सातव्यात ते कोणाला तरी कापडाचा पन्हा समजावून सांगत होते. मी एकेक करत तेवीसही ऐकली. मग तिथेच फळीला धरून उभी राहिले.

मी गप्प बसले नाही, हे तुम्ही जाणताच. हाताला धरून ह्यांना उठवलं. ते उठतात, अगदी शहाण्यासारखे माझ्याबरोबर चालतात, गल्ली पाण्याशी आली की बोटीची रिकामी जागा बघतात आणि परत फिरतात. काल मी त्यांचा अंगठा साबणाने घासला. माती निघाली, पण खाली रेषा नव्हत्या. एकही नाही. अंगठा चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत. आणि कुंभारीणबाई सांगतात की बोटवाला चढणाऱ्याचा आधी अंगठा बघतो, रेषा नसतील तर घेत नाही. माझे अंगठे दोन्ही ठीक आहेत. मला उद्या जाता येईल, माझी जागाही धरून ठेवली आहे. मी भित्री आहे, वन्सं, आणि मला घरी जायचंय. पण ह्यांना घेऊन जायचंय.

असो. नवऱ्याच्या तक्रारी त्याच्या बहिणीकडे करायच्या नाहीत असं आईने सांगितलं होतं, पण तिने हे गाव पाहिलं नव्हतं. घरच्या सर्वांना ज्याला जसा हवा तसा नमस्कार किंवा आशीर्वाद सांगा.

तुमची भावजय

ता. क. : एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. कुंभारीणबाई म्हणतात, रक्ताच्या नात्यातल्या कोणी ह्यांच्या ठशांवर आपला अंगठा ठेवला तर हे सुटतील. बायको रक्ताच्या नात्यात धरत नाहीत, मी विचारलं. तुम्ही पुढच्या गुरुवारी हवापालट म्हणून चार दिवस याल का? हवा खरंच छान आहे. काम सगळं बसून, गुडघ्यांना अजिबात ताण नाही. तिकडे सूनबाईंचा स्वयंपाक तुम्हाला आवडत नाहीच.

पुन्हा ता. क. : आता गुरुवारची सकाळ आहे. वरचं सगळं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चाक थांबलं नाही. पण फळीवरच्या शेवटच्या मडक्यातून ह्यांचा आवाज आला : ताईला नको बोलावूस, तू जा. तेव्हा तुम्ही येऊ नका. बारीकशी गोष्ट म्हणून जे लिहिलं, त्याबद्दल मला माफ करा. मी तेव्हा बायको होते, भावजय नव्हते. राहता राहिलं माझं जाणं. एकतीस वर्षांत ह्यांचं मी कधी ऐकलं आहे? त्या शेवटच्या मडक्यावर, ह्यांच्या ठशाला लागून, मी माझा अंगठा दाबला आहे. माती गार नव्हती, अंगाएवढी कोमट होती. कुंभारीणबाईंनी दुसरा चौरंग आणलाय. बोट लागली आहे, पत्र बोटवाल्याकडे देते. त्याच्याबरोबर घराच्या किल्ल्याही पाठवल्या आहेत. ह्यांचा जुडगा आणि माझाही.