वारा नसलेला महिना

३ ऑगस्ट

महिना बदलला! दोघांनी मिळून ठरवलेला महिना. परवा माझा होणारा नवरा आमच्याकडे जेवायला आला तोवर सगळं पक्कं होतं — लग्न झालं की लगेच परदेशी, समुद्रकिनारा, काइटसर्फिंग — पायाखाली फळी, वर मोठा पतंग, आणि वाऱ्याच्या जोरावर लाटांवरून उडायचं. त्याचा जीव की प्राण! मला शिकवणार होता. पतंगाचं माप माणसाच्या वजनावरून ठरतं म्हणून माझं वजनही विचारून घेतलं. मी खरं सांगितलं, अर्ध्या किलोसकट.

आज फोनवर म्हणतो, "आपण जरा उशिरा जाऊ या. महिनाभराने. सुट्टीचं जमत नाहीये."

चहा कुठे प्यायचा हेसुद्धा जो मला विचारल्याशिवाय ठरवत नाही, तो! मनात पाल चुकचुकली.

५ ऑगस्ट

दादाने त्याचं नाव पतंगराव ठेवलंय. जेवताना मी त्याचा फोटो दाखवला — लाटेच्या वर, हवेत, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा.

"हेल्मेटातला कुणीही असू शकतो," दादा म्हणाला. "मीसुद्धा!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. खरंच की, चेहरा दिसतोय कुठे? दिवसभर चष्म्याच्या दुकानात अंधाऱ्या खोलीत बसून लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणारा माणूस. हा समुद्रावर उडतो?

९ ऑगस्ट

वाऱ्याबद्दल वाचत बसले. आणि पायाखालची जमीन सरकली.

आम्ही आधी ठरवला होता त्या महिन्यात तिथे चांगला, एकसारखा वारा असतो. नव्या महिन्यात — नसतोच! समुद्र परातीतल्या पाण्यासारखा. पतंग उचलायचासुद्धा नाही. शिकवणाऱ्या शाळा त्या दिवसांत कुलूप लावून निघून जातात. मी दुसरीकडे पाहिलं. तिसरीकडे पाहिलं. सगळीकडे तेच.

मला दोन दिवसांत कळलं ते त्याला इतक्या वर्षांत कळलं नसेल?

१० ऑगस्ट

विचारलं. म्हणाला, "वाऱ्याचं काय, आला तर येतो." आणि विषय बदलला. कानाच्या पाळ्या लाल.

१४ ऑगस्ट

चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे आमचं जेवणाचं टेबल. आईच माझ्या बाई, आणि मी अख्खा वर्ग. शेजारच्या वहीत डोकावायची सोयच नव्हती, म्हणून स्वतःचंच उत्तर पुन्हा पुन्हा तपासायचं खूळ लागलं. ते काही गेलं नाही. औषधांच्या कारखान्यात आता त्याचाच पगार मिळतो — बाटली उजेडासमोर धरायची, उलटी करायची, आत कण तरंगतोय का बघायचं.

आज एक कण माझ्या नजरेतून सुटला. शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी पकडला, म्हणून वाचले. त्यांना सगळं सांगून टाकलं.

"अगं, बाटल्या तपासायचा पगार मिळतो," त्या म्हणाल्या. "माणसं फुकट कशाला तपासतेस?"

पण घरी जाताना पाय त्याच्या दुकानाकडे वळलेच. तो नव्हता. दुकानाचे मालक होते. मी सहज विचारावं तसं विचारलं — लग्नानंतरच्या सुट्टीचं काही अडलंय का?

"अडायचं काय त्यात? मी केव्हाच दिलीय. हवी तेव्हा घे म्हटलं!"

म्हणजे सुट्टीचं खोटं होतं. सरळ सरळ खोटं.

१७ ऑगस्ट

मीच हट्ट धरला, आज तळ्यावर जाऊ. वारा आहे, मला बघायचंय. वाटलं होतं, काहीतरी सबब सांगेल. "चल!" म्हणाला.

पतंग म्हणजे केवढा — आमच्या खोलीत मावणार नाही. त्याने मला धरायला दिला, कडेने, उभा. तो दूर, दोरांच्या टोकाला. "मी अंगठा वर केला की सोड. फेकू नकोस, ढकलू नकोस. नुसता सोड."

अंगठा वर झाला. मी सोडला नाही! बोटंच उघडेनात. तो पुन्हा अंगठा दाखवतोय, आजूबाजूचे बघतायत, आणि मी कवटाळून उभी. शेवटी चालत आला. रागावला नाही. "अगं, तो पळून नाही जाणार. मी बांधलेला आहे त्याला."

दुसऱ्या वेळेला सोडला. आणि मग — काय सांगू! हाच तो. फोटोतला. पाण्यावरून सरसर गेला, उडाला, वळला. किनाऱ्यावरची माणसं त्याला ओळखतात, हाका मारतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वाऱ्याने असेल.

येताना मात्र एकच विचार — येत नसतं तर बरं झालं असतं! फुशारकी मारली, आता लपवतोय — एवढंच निघालं असतं. पण याला येतं. इतकं येतं. मग वारा नसलेल्या महिन्यात, वारा नसलेल्या किनाऱ्यावर याला कशाला जायचंय? तिथे आहे कोण?

२१ ऑगस्ट

दुकानाच्या मागच्या दारातून शिरले. तो फोनवर होता, पाठमोरा. "नाही, नाही. तिला काही कळलेलं नाही."

मला बघितलं आणि फोन ठेवला.

मी चष्म्यांच्या चौकटी बघत बसले. कितीतरी आरसे त्या दुकानात, आणि सगळ्यांत माझं तोंड चोरासारखं.

२४ ऑगस्ट

मोडलं.

बागेच्या फाटकापाशी उभं राहूनच विचारलं. वारा नाही. सुट्टी होती. फोन कुणाचा? एका दमात.

"सांगता येत नाही. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

त्याने फाटकाची कडी लावली, पुन्हा काढली.

"दोन दिवस थांब. मी विचारतो आणि मग सांगतो."

विचारतो! आमच्या लग्नाबद्दल माझ्याशी बोलायला याला कुणाची तरी परवानगी हवी! मी म्हटलं, "खुशाल विचार. आणि तिलाच घेऊन जा." निघून आले. मागे वळून पाहिलं नाही. — पाहिलं, एकदा. तो तिथेच होता.

२५ ऑगस्ट

दादा चिडलाय. "खुनाच्या आरोपीलासुद्धा तारीख मिळते गं!"

आईने काही विचारलं नाही. "तुझ्या मनाला पटलं ना? मग झालं." माझ्या खोलीतले पडदे धुवायला काढले, कपाट आवरलं, गादी उन्हात टाकली. अशी माया केली की मला रडूच फुटलं.

२८ ऑगस्ट

त्याचा फोन नाही. मीही केला नाही.

आज मावशी म्हणाल्या, "मग कोण निघाली ती?" मी पुढची बाटली उजेडासमोर धरली.

३१ ऑगस्ट

सकाळी दादाला तो रस्त्यात भेटला. म्हणे वाळलाय, आणि इतकंच म्हणाला, "अजून मला बोलायची परवानगी मिळाली नाही." दादाने घरी येऊन सगळ्यांदेखत ते सांगितलं. आईच्या हातातली बशी पडली.

मग ती माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. उभीच राहिली.

"वारा नसलेला महिना मीच मागून घेतला त्याच्याकडून. त्या दिवशी जेवायला आला होता तेव्हा. माझी पोर उचलून नेईल रे तो वारा, म्हटलं. आणि तिला कळता कामा नये."

मग विचारलं, "मी लग्न मोडून आले तेव्हा का नाही बोललीस?"

आई म्हणाली, "वाटलं, आता राहशील घरी."