ठिपक्यातला ठिपका

गोखिवरे, मंगळवार, संध्याकाळी साडेसात

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला, 'आपल्या मागच्या भिंतीवर बिबट्या!' मी पाहताक्षणी ओळखलं. अंगावरच्या काळ्या कड्यांच्या आत बारीक ठिपके होते. आत ठिपका असतो तो जग्वारला, बिबट्याला नाही, आणि जग्वार राहतो दक्षिण अमेरिकेत. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय मी! लगेच लिहिलं, फोटो खोटा आहे, मुलांना खुशाल खाली खेळू द्या. केवढे अंगठे आले. काय फुशारले मी!

मघाशी भाजीवाली वनिता धापा टाकत वर आली. "बाई, मागल्या नळाशी पानी सांडलंय ना, तिथं चिखलात पंजा उमटलाय. चला बघायला."

गेले. माझ्या तळव्याएवढा, चार बोटं, नखं कुठेच नाहीत. कुत्रा असता तर नखं उमटली असती. हेही मीच शिकवायचे.

फोटो खोटाच होता. ठिपक्याचं माझं अगदी बरोबर होतं. पण भिंतीपलीकडे तुंगारेश्वरचं जंगल आहे, हे कसं विसरले?

तो पंजा नातीच्या चपलेच्या ठशावर पडला होता. म्हणजे ती खेळून वर आली, आणि मग तो आला.

नात आत टीव्ही बघतेय. तिसऱ्यांदा जाऊन बघून आले.